भिंतीवरच्या माशाच्या पोटात

पिट्सबर्ग
३ फेब्रुवारी २०१९

प्रिय डेल,

सोबत एक मासिक पाठवते आहे. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसतोस त्या टपरीत शेगडी पेटवायला घेण्याआधी त्याचं पान बासष्ट उघड. तुझ्या बहिणीची कथा आहे. आणि हे ते मासिक नव्हे, जे आमच्या विद्यापीठातले चारजण काढतात आणि तेच चारजण वाचतात. हे विमानतळावर विकत मिळतं. मी स्वतः जाऊन खात्री केली, दोन प्रती घेतल्या आणि गल्ल्यावरच्या मुलीला सांगितलं की यात मी आहे. तिने विचारलं, पिशवी हवी का.

एकतीस वर्षं मी लघुकथा लिहिते आहे. तीन पुस्तकं झाली. तिन्ही मिळून जेवढी खपली त्याहून जास्त गळाची गांडुळं तू दुकानात जुलैतल्या एका शनिवारी विकतोस. भेटेल तो विचारतो, "कादंबरी कधी?" जसं काही कथा म्हणजे वाढ खुंटलेली कादंबरी. आता मात्र एका मोठ्या प्रकाशकाला जाग आली आहे. सप्टेंबरात संग्रह येतोय, आणि त्याला याच कथेचं नाव दिलंय, 'अकरा पौंड'. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला होतकरू म्हणतात, आणि मी लाजते.

कथा बाबांच्या माशावरून सुचली, हे तुला पहिल्या ओळीत कळेल. एकाहत्तर सालचा बावन्न पौंडांचा मस्की, तळ्यातला आजवरचा सगळ्यात मोठा, गॉर्डीच्या बारमध्ये बाटल्यांच्या वर टांगलेला. त्याच्या नावाने गाव दर ऑगस्टला जत्रा भरवतं आणि बीअर पितं, त्याने माझ्या एका कथेचं पोट भरलं तर काय बिघडलं? तळ्याचं नाव बदललंय. माशाचं वजन चोपन्न केलंय; खोटंच बोलायचं तर कंजुषी कशाला. भाऊ मात्र बदलायला वेळ मिळाला नाही. त्याला तुझं पोट आहे, आणि त्याची बायको स्नोमोबाइल विकणाऱ्याबरोबर निघून गेली आहे. रागावू नकोस. आपल्या कोल्ड पोर्टेजमध्ये कोणी वाचत नाही, हा माझा मोठा आधार आहे.

आईला दाखवू नकोस.

तुझी,
आर्डी

कोल्ड पोर्टेज
१६ फेब्रुवारी

आर्डी,

वाचली. दोनदा वाचली. एकच विचारतो, तुला हे कोणी सांगितलं?

मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. चार्लीनजवळसुद्धा नाही. घरातलं घरात ठेवायचं असतं, एवढी अक्कल माझ्यासारख्या गांडूळवाल्याला आहे, आणि तू कॉलेजात शिकवतेस.

गावात कोणी वाचत नाही म्हणतेस. ग्रंथालयातल्या बाईने चार प्रती मागवल्या आणि दारावर पाटी लावली, 'आपली आर्डिथ झॅस्ट्रो'. काल शुक्रवार. गॉर्डीकडे तळलेल्या माशाचं जेवण, बार गच्च भरलेला. गॉर्डी बारच्या मागे स्टुलावर उभा राहिला आणि त्याने तुझी कथा मोठ्याने वाचायला घेतली. लोक ताटावरून मान वर करून भिंतीवरच्या माशाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघत होते. मी शेवट यायच्या आत उठलो. अर्धा मासा ताटात टाकून आलो, तोही पैसे दिलेला.

फोन करू नकोस. फोनवर आपण दोघं ओरडतो.

डेल

पिट्सबर्ग
२३ फेब्रुवारी

डेल,

कोणी सांगितलं म्हणून काय विचारतोस? तूच सांगितलंस. दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला, तिसऱ्या ब्रँडीनंतर, माझ्या मोटारीत बसून. चार्लीनने तुला सोडून जाताना टोस्टर नेला आणि कुत्रा ठेवला, हेही तूच सांगितलंस, आणि कथेतलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे. लेखकाजवळ बोलणं आणि भोंग्यावर बोलणं सारखंच, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं. तरी चुकलं माझं. तू दुखावलास याचं मला खरंच वाईट वाटतंय. पुस्तकात बायको सुताराबरोबर पाठवते, आणि पोट तीन इंच कमी करते.

माशाचं म्हणशील, तर ती शुद्ध थाप आहे. बापाने वजन वाढवायला माशाच्या घशात शिशाचे गोळे कोंबले, आणि बाप गेल्यावर मुलगा मासा भिंतीवरून काढतो, तो हातातून सुटतो, पोट उकलतं आणि अकरा पौंड शिसं जमिनीवर सांडतं. हे मला आमच्या विभागाच्या बैठकीत सुचलं. पार्किंगच्या जागांवर दोन तास चर्चा चालली होती, त्यामुळे मनात कोणाच्या तरी घशात काहीतरी कोंबायचं होतंच. बाबांशी त्याचा काय संबंध? चर्चच्या सोडतीत लागलेलं हॅम ज्या माणसाने परत नेऊन दिलं, कारण सोडतीची चिठ्ठी म्हणे त्याच्याच हाताने काढली गेली होती, तो माणूस असलं काही करील का? गॉर्डीच्या बारमधल्या शहाण्यांना हे तू ठणकावून सांग.

आर्डी

कोल्ड पोर्टेज
७ मार्च

आर्डी,

हे पत्र वाचून जाळ.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. तुझी थाप खरी आहे.

मी नऊ वर्षांचा होतो, बादली धरून उभा. बाबांनी होड्या ठेवायच्या छपरीआड, स्पर्धेच्या वजनकाट्यावर जायच्या आधी, शिशाचे गोळे एकेक करून माशाच्या तोंडातून आत ढकलले. मूठ कोपरापर्यंत आत जात होती. मला म्हणाले, "डेल, तू काही पाहिलं नाहीस." मी म्हणालो, हो. एवढंच बोलणं झालं, आणि त्यानंतर मेला तोवर त्या माणसाने तो विषय काढला नाही. हॅम परत केलं म्हणतेस ना? त्यानंतर दोनच महिन्यांनी. मला ते तेव्हाही कळलं होतं.

का केलं तेही सांगतो. कागद गिरणीने त्या उन्हाळ्यात माणसं कमी केली, त्यात बाबा. विक्रमी माशाचं बक्षीस होतं होडी आणि वर नवं कोरं यंत्र. त्या होडीवर शहरी गिऱ्हाईक फिरवून बाबांनी दुकान उभं केलं. त्या दुकानावर तू कॉलेजात गेलीस. तुझी तिन्ही पुस्तकं त्या शिशावर उभी आहेत, बाई. आणि मी अजून त्याच दुकानात बसलोय.

आता मजा ऐक. मी त्या शुक्रवारी उठून आलो ना, पुढचं मला आठवड्याने कळलं. गॉर्डी शेवटापर्यंत पोचला. मासा पडतो, पोट उकलतं, शिसं सांडतं. सगळे भिंतीकडे बघायला लागले. मग पोस्टातला तो म्हातारा हसायला लागला. म्हणाला, "भिंतीवरच्या माशाच्या पोटात शिसं? त्याच्या पोटात पेंढा असतो." आणि अख्खा बार हसून लोळला. आर्डी, भिंतीवर टांगतात ते माशाचं नुसतं कातडं. आतलं सगळं मासा भरणारा आधीच काढून टाकतो आणि पेंढा, प्लास्टर भरतो. हे इथल्या पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. आता गावभर एकच चालू आहे, झॅस्ट्रोची पोरगी शहरात राहून मासाच विसरली. जिला एवढं ठाऊक नाही तिची बाकीची गोष्ट काय खरी असणार? बाबांवरचा संशय त्या हसण्यात वाहून गेला.

तू गाढवपणा केलास म्हणून आपण वाचलो. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात ते हेच. तेव्हा माझी विनंती एवढीच, पुस्तकात ती चूक तशीच राहू दे.

राहता राहिला हार्लन प्रिबिल. मासा त्यानेच भरला होता. पोट चिरलं तेव्हा शिसं त्याच्या टेबलावर पडलंच असणार. तो कधी काही बोलला नाही. आता शहाऐंशीचा आहे, ऐकू कमी येतं. अठ्ठेचाळीस वर्षं तो समोरून आला की मी रस्ता ओलांडतो.

डेल

पिट्सबर्ग
२२ मार्च

डेल,

जाळलं नाही. लेखकाला असलं पत्र जाळायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला सांगणं आहे. पण कुलपात ठेवलंय.

चार दिवस मी वर्गात काय शिकवलं, देव जाणे. बाबांचं मला एवढं आश्चर्य वाटलं नाही जेवढं तुझं वाटलं. तू नऊ वर्षांचा होतास आणि मी दहा. आपण एकाच खोलीत झोपत होतो. तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही? मी सांगितलं असतं गावभर, म्हणूनच ना? बरोबर केलंस. पण मला वाईट वाटलं, डेल.

आता अडचण ऐक. पुस्तकाचा मजकूर तपासणारा एक तरुण आहे, मिनेसोटाचा, आणि त्याच्या मामाचा मासे भरण्याचा धंदा आहे. माझं नशीबच तसं. त्याने समासात लिहिलं, 'भरलेल्या माशात आतडी नसतात, शिसं कुठून?' मी लाल झाले. माझी संपादिका मात्र खूश झाली. म्हणाली, सोपं आहे, शिसं मासा भरणाऱ्याला सापडू दे. त्याने पोट चिरलं, टेबलावर शिसं पडलं, आणि तो जन्मभर गप्प राहिला. खरी कथा तीच आहे, म्हणाली. तिला काय माहीत ती किती खरी आहे.

मी रात्री ते पान लिहून काढलं. डेल, एकतीस वर्षांत मी असं पान लिहिलेलं नाही. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. हातात सुरी धरलेला मासा भरणारा, आणि त्याला कळतं की आता गावातल्या एका माणसाची अब्रू आपल्या टेबलावर पडली आहे. मी लिहिताना रडले, आणि मी माझ्या कथांवर रडत नाही, इतरांच्याच वाचून रडते, तेही वैतागाने.

तुला खोटं सांगत नाही. मला ते छापायचं आहे. विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर हेच शिकवत आले, खरं सापडलं की हात आखडू नका. आणि गावाला कोण सांगणार आहे ते खरं आहे म्हणून? एक एप्रिलच्या आठवड्यात मजकूर छपाईला जातो.

आर्डी

कोल्ड पोर्टेज
३० मार्च

आर्डी,

पान चांगलंच असेल. तू लहानपणीसुद्धा दुसऱ्याच्या वहीतलं सुंदर अक्षरात उतरवायचीस.

गावाला कोण सांगणार, म्हणतेस. अगं, कोणी सांगायला नको. पेंढ्याची चूक होती तोवर ती गंमत होती. मासा भरणाऱ्याच्या हातात शिसं दिलंस की ती गंमत राहणार नाही. दुसऱ्या दिवशी चारजण हार्लनच्या दारात उभे राहतील आणि विचारतील, काय हो, काय निघालं होतं? शहाऐंशीच्या माणसाला खोटं बोलायला लावायचं, की खरं?

मी तुला नको म्हणणार नाही. मी कोण सांगणारा? फक्त आईचं सांगतो. गेल्या ऑगस्टला जत्रेत तिला उघड्या मोटारीत बसवून मिरवलं, दरवर्षीसारखं. केस केले होते, लाल कोट होता. लोक दोन्हीकडून बाबांचं नि तिचं नाव घेऊन ओरडत होते, "ऑगीची लव्हॉन!" ती हात हलवत होती, थेट राणीसारखी. वृद्धाश्रमातल्या नर्सना ती रोज बाबांनी मासा धरला त्या दिवसाची गोष्ट सांगते, आणि त्या रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतात. माझं नाव ती आता अधूनमधून विसरते. माशाचं वजन विसरत नाही.

तुझं ते पान तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचशील का? वाचता येत असेल तर छाप. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. बाबांकडून तेवढं शिकलोय.

डेल

पिट्सबर्ग
८ एप्रिल

डेल,

पान फाडलं. पेंढ्यातून शिसं निघतं तसंच निघू दे, असं प्रकाशकांना कळवलं. संपादिकेने लगेच फोन लावला. म्हणाली, "आर्डिथ, लोक तुला हसतील." मी म्हणाले, ही कलात्मक निवड आहे. हा शब्द आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतो, कुठलंही भोक त्याने बुजतं. मिनेसोटाच्या त्या मुलाने स्वतंत्र पत्र लिहून निषेध नोंदवला.

मी तुझ्यावर चिडलेली आहे. दोन महिने तरी राहीन. आईला माझा पापा दे.

आर्डी

पिट्सबर्ग
२७ सप्टेंबर

डेल,

पुस्तक आलं. तुझी प्रत वेगळ्या पाकिटाने येतेय. कात्रण मात्र यातच घालते, वाच आणि सुखी हो. समीक्षक लिहितो, 'लेखिकेची शैली नितळ आहे, परंतु तिने आयुष्यात कधी मासा पाहिला असावा असे वाटत नाही. शेवट वाचून गंभीर वाचकालाही हसू फुटते.' आणखी दोघांनी तेच लिहिलंय, एकाने चित्रासकट. मला ज्या बक्षिसाच्या यादीत धरलं होतं म्हणत होते, त्या यादीत मी नाही. विद्यार्थी माझ्यासमोर मासा हा शब्द काढत नाहीत, त्यावरून काय ते समज.

राग मे महिन्यातच गेला होता, कळवायचं राहिलं. ग्रंथालयातल्या बाईने बोलावलंय. म्हणते, बारा ऑक्टोबरला गॉर्डीच्या बारमध्येच वाचन ठेवू, ग्रंथालयात कोणी येणार नाही. येते. आईला पुढच्या खुर्चीत बसव. हसायचं असेल त्यांना माझ्या तोंडावर हसू दे.

आर्डी

कोल्ड पोर्टेज
२ डिसेंबर

आर्डी,

वाचनाच्या दुसऱ्या दिवशी तू पहाटेच निघालीस, म्हणून बोलणं झालं नाही. आणि बोललो असतो तर ओरडलो असतो. म्हणून लिहितो.

तू तिथे उभी होतीस म्हणून तुला माझं तोंड दिसलं नसेल. शेवट वाचून झाला, लोक टेबलं बडवत हसायला लागले, आणि गॉर्डीने विचारलं, "आर्डी, खरं सांग, भिंतीवरच्या माशात काय असतं?" तू चष्मा काढलास आणि गंभीरपणे म्हणालीस, "आतडी. का, तुमच्याकडे नसतात?" तेव्हा सगळ्यात मोठ्याने मी हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, आणि शेजारच्याला वाटलं हसूनच आलंय. आईसुद्धा हसत होती. कशाला ते तिला कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून हसत होती.

मग मागून हार्लन उठला, त्याच्या चाकं लावलेल्या वॉकरला धरून. सगळे त्याच्याकडे वळले, कारण माशातलं त्याला कळतं. तो काय म्हणाला ते तू ऐकलंसच, "ऑगीचा मासा मी या हातांनी चिरलाय. आत एक छोटा पर्च मासा आणि अर्धं बदकाचं पिल्लू निघालं. बाकी काही नाही." आणि खाली बसला. मला वाटलं, चला, बाबांनी शिसं आधीच काढून घेतलं असेल, त्याला ठाऊकच नसेल. अठ्ठेचाळीस वर्षं मी उगाच रस्ता ओलांडला.

गेल्या मंगळवारी तो दुकानात आला. नातसून मोटारीत बसून होती. त्याने पिशवीतून कॉफीचा जुना डबा काढला, तो गल्ल्यावर ठेवला, तेव्हा काच हादरली. म्हणाला, "तुझ्या बापाचं सामान आहे. माझ्यानंतर घर आवरतील, त्यांच्या हाती नको." मी झाकण उघडलं, आत शिशाचे गोळे. शेवटी विचारलं, का नाही बोललात? तर म्हणाला, "दुसरा नंबर शिकागोच्या दातांच्या डॉक्टरचा होता. त्याच्याकडे आधीच होड्या दोन होत्या." मग गळाला लावायचे अर्धा डझन जिवंत मिन्नो मासे घेतले, पैसे देऊन, आणि गेला.

मी काट्यावर घातलं. साडेनऊ पौंड. तू अकरा लिहिलेस.

डबा चार दिवस पलंगाखाली होता. शनिवारी बर्फ पक्का झाला, गिऱ्हाईक आलं, आणि मी ते सगळं शिसं दुकानातल्या, गळाला बांधायच्या सुट्या शिशाच्या खोक्यात ओतलं. दोन दिवसांत खपलं. आत्ता तळ्यावर तीस-चाळीस टपऱ्या आहेत आणि अर्ध्या गावाच्या गळाला बाबा लटकलेत. मी एकही गोळा ठेवला नाही. डबासुद्धा फेकला.

आर्डी, तू ते पान फाडलेलं नाहीस. तू शाळेतली बक्षिसाची फीत अजून जपून ठेवली आहेस, तू पान कशी फाडशील? राहू दे. तू माझ्या शब्दाखातर शहरभर मूर्ख ठरलीस आणि एकदाही बोलून दाखवलं नाहीस. माझ्यासाठी आजवर कोणी एवढं केलं नव्हतं, आणि मी ते विसरणार नाही. आई आहे तोवर थांब. हार्लन आहे तोवर थांब. मग छाप. मी असेन तरी छाप, माझं नाव घालून.

एक मात्र चुकीचं आहे, ते तुला कोणी सांगितलेलं नाही. तुझ्या कथेत बाप शिसं भरतो तेव्हा मासा मेलेला असतो. तो मेलेला नव्हता. त्याचे कल्ले हलत होते, बाबांचा हात आत होता, आणि तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. छापशील तेव्हा तेवढं दुरुस्त कर.

डेल